पॅनेलांवरचा पहारा

सूर्य कुणाशीही पक्षपात करत नाही, असं थोर लोक सांगून गेले आहेत. त्यांच्या गच्चीवर सासरे नसावेत.

या घराच्या गच्चीवर सहा जुनी सोलर पॅनेल्स एका माळेत जोडली होती. त्यांच्या विजेवर खाली सुनेचं शिलाई मशीन चालायचं. ते नीट चाललं तर ती घरी बसून दप्तरं शिवणार होती. नाहीतर पुन्हा कारखान्यात दिवसभर उभं राहणं. आणि मशीन रोज ऐन दुपारी मान टाकायचं.

सासरे निवृत्त निरीक्षक. पॅनेल्स बसली त्या दिवसापासून चोराचिलटाच्या भीतीने गच्चीत खुर्ची टाकून पहारा देत होते. वायरमन आला की छत्री मिटून त्याच्या मागेमागे फिरत.

"मीटर तर छान दाखवतंय," वायरमन म्हणायचा.

"डॉक्टर दिसला की ताप उतरतो, त्यातली गत," सासरे म्हणायचे.

"एकावर सावली पडली तरी अख्खी माळ बसते, काका. सावलीला वळसा घालून वीज नेणारे डायोड यातले कधीच जळालेत. एक नासका आंबा, सगळी आढी."

"सावली कुठली? सकाळपासून बसलोय, पाखरू फिरकलेलं नाही."

एका दुपारी मशीन थांबलं तशी सून वर गेली. सासरे शेवटच्या पॅनेलला खेटून बसले होते. छत्रीची सावली पॅनेलभर पसरलेली. सासऱ्यांना नासका आंबा म्हणणारी सून अजून जन्माला यायची होती.

तिने वायरमनकडून ते पॅनेल माळेतून काढून थेट एका पंख्याला जोडून घेतलं.

"बाबा, उन्हात बसता. हे पॅनेल खास तुमचं."

बाबा विरघळले. पंख्यासमोर बसले, छत्री उघडली. पंखा थांबला. मिटली, फिरला. पुन्हा उघडली. खाली मशीन मात्र न अडखळता चाललं होतं. ते ऐकत बाबा उठून जिन्याकडे गेले.

"सूनबाई," जिन्यातून आवाज आला, "कधीपासून माहीत होतं?"

"काय, बाबा?"

"काही नाही. शिव तू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वायरमनला बोलावून सहावं पॅनेल पुन्हा माळेत घालायला लावलं. खुर्ची आता दोन हात पलीकडे असते. तिथे वारा येतो. पंखा लागत नाही.