भासऱ्याची मर्यादा

मर्यादा पाळावी तर भुवनेश्वर रहांगडालेनं, असं केशोरीच्या आसपासच्या गावांत म्हणत. धाकट्या भावाची बायको रविता लग्न होऊन या घरात आली, तेव्हापासून त्यानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. ओसरीवर पाय ठेवण्याआधी तो खाकरायचा. तो खाकरला की रवितानं पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, खाटेवर टेकली असली तर उठायचं आणि आत जायचं. भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, भावसुनेशी बोलायचं नाही, तिच्या हातात काही द्यायचं नाही, तिच्या सावलीलाही शिवायचं नाही. आणि ती चुकून उघड्या तोंडानं समोर आलीच, तर भासऱ्यानं मान फिरवून तिथून चालतं व्हायचं. नियम दोघांनाही होता. पण उठायची पाळी दरवेळी रवितावरच यायची, कारण खाकरायचा हक्क एकट्या भुवनेश्वरला होता.

सासू मुन्नीबाई चार बायांत मोठ्या तोऱ्यात सांगायची, "माहा भुवन भावसुनेच्या सावलीलेही शिवत नाही."

सावलीला नाही शिवत, रविता भात ओतता ओतता मनात म्हणायची, तिच्या नवऱ्याच्या पैशाला तेवढा शिवतो.

तिचा नवरा लोकेंद्र मस्कतला एसी दुरुस्त करायचा. तिथल्या उन्हात गच्च्यांवर चढून कमावलेला पैसा दर महिन्याला दादाच्या खात्यात यायचा, कारण घरातला पैसा मोठ्याच्या हातात यावा अशी रीत. रीत फार जुनी होती आणि भुवनेश्वरला फार आवडायची. त्या पैशातून घराला लोखंडी गेट लागलं, गेटच्या दोन्ही खांबांवर सिमेंटचे सिंह बसले. सिंहांना रंग दिला पिवळा, आणि मिशा कोणीतरी भुवनेश्वरसारख्या काढल्या. मग बुलेट आली. मग चौकात 'भुवनभाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' असा फलक आला, त्यावर गॉगल लावलेला भुवनेश्वर आणि खाली शुभेच्छुक म्हणून ज्यांची नावं होती, त्यातल्या अर्ध्यांना ते माहीतही नव्हतं. आयुष्यात स्वतः काही कमावलं नाही की माणूस फलकावर फार हसतो.

रविताला घरखर्च मिळायचा तो ओसरीच्या काठावर. भुवनेश्वर खाकरायचा, नोटा ठेवायचा, वर तांब्या ठेवायचा, निघून जायचा. मग तिनं बाहेर येऊन त्या उचलायच्या, कुत्र्याला भाकर टाकावी तशा. शेजारीपाजारी हे बघून म्हणायचे, काय मर्यादा आहे हो या घरात.

लोकेंद्रला परत यायचं होतं. निदान तो तसं म्हणायचा. अर्जुनीला फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान टाकायचं, हे तो प्रत्येक सुट्टीत बोलायचा, आणि प्रत्येक सुट्टीच्या शेवटी दादा म्हणायचा की पैसा सध्या अडकलेला आहे, एखादं वर्ष अजून काढ. दादापुढं लोकेंद्रची बोबडी वळायची. तो बॅग भरायचा. रविताला एवढं पक्कं कळलं होतं की जोवर पैसा भासऱ्याच्या खिशात जातो, तोवर तिचा नवरा घरी येत नाही. दुकानाचा पैसा आपल्या हातात राहिला तरच तो येईल. म्हणून तिनं फोनवर दोन वर्षं त्याचं डोकं खाल्लं.

शेवटी त्याच्या खोलीतल्या एका केरळी सोबत्यानं त्याला शहाणं केलं. परदेशात राहणाऱ्याचं बँकेत वेगळं खातं असतं, पैसा त्याच्याच नावावर राहतो, आणि इथं तो काढायचा-भरायचा अधिकार घरच्या एका माणसाला देता येतो. लोकेंद्रनं मागच्या सुट्टीत खातं उघडलं आणि आता मस्कतहून अधिकाराचा कागद सही करून पाठवला. त्यावर नाव रविताचं होतं. तिला त्या दिवशी नवऱ्याचा खरंच अभिमान वाटला. उशिरा का होईना, गडी उभा राहिला.

भुवनेश्वर चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही. ओसरीवर बसून तो आईशी मोठ्यानं बोलला, म्हणजे आत रविताला ऐकू जावं. "माय, तिले सांग, बँकेत मी येतो सोबत. बाईमाणसाले एकटीले काय समजते."

सोबत म्हणजे कशी, तर तो बुलेटवर आणि ती एसटीनं. भावसुनेला गाडीवर बसवणं मर्यादेत बसत नव्हतं. गाडी तिच्या नवऱ्याच्या पैशाची होती, हे मात्र बसत होतं.

धानाचे पैसे जमा झाल्याचा दिवस होता, बँकेत पाय ठेवायला जागा नव्हती. रविता पोचली तेव्हा भुवनेश्वर मॅनेजरच्या टेबलापुढं पायावर पाय टाकून बसला होता. शेजारची खुर्ची रिकामी होती. भासऱ्याच्या बाजूला तिनं बसणं शक्यच नव्हतं, म्हणून ती काचेच्या दारात, हनुवटीपर्यंत पदर ओढून उभी राहिली. गडी पक्का होता. त्यानं बसूनच तिला बाहेर ठेवलं होतं.

मॅनेजर आंध्राकडचा, नवा होता. तो म्हणाला, "मॅडम, अंदर आइए, बैठिए."

"रहने दो साहब," भुवनेश्वर म्हणाला. "हमारे घर में बहू बड़ों के सामने बोलती नहीं. उसका कुछ कहना नहीं है. उसके जगह मेरा नाम लिखवा लो, भाई दूसरा कागद भेज देगा. चाहे तो पूछ लो उसको. दिक्कत होगी तो बोलेगी ना." आणि तो मागं रेलला.

मॅनेजरनं विचारलं, "मॅडम, आपको कुछ कहना है?"

रांगेतली माणसं माना वळवून बघू लागली. रविताला खूप म्हणायचं होतं. एसटीत बसून तिनं सगळं जुळवून ठेवलं होतं. पण इतकी वर्षं या माणसाचं खाकरणं ऐकलं की जीभ टाळूला चिकटायची, ती आज बँकेतही चिकटली. बोललं तर गाव थुंकेल, सासू हातचं पाणी घेणार नाही. नाही बोललं तर नाव गेलं, दुकान गेलं, नवरा मस्कतलाच म्हातारा होईल. तिला स्वतःचीच किळस आली. मॅनेजरनं पुन्हा विचारलं. ती पुन्हा गप्प.

"देखा?" भुवनेश्वर म्हणाला.

मॅनेजर वैतागला. बाहेर रांग वाढत होती. "ठीक है, वो बाद में देखते हैं. कागज़ पे नाम इनका है, तो पहले पहचान होगी. चेहरा आधार से मिलाना है. मॅडम, पल्लू हटाइए, फोटो लेना है."

"वो चेहरा नहीं दिखाती, साहब."

"तो काम नहीं होगा."

भुवनेश्वरला हेच हवं होतं. त्यानं मिशीवरून हात फिरवला. आणि रविताला दारात उभ्या उभ्या एक साधी गोष्ट आठवली, जी या घरात कोणी कधी वापरलीच नव्हती. नियम दोघांनाही होता. बोलायची तर गरजच नव्हती.

ती आत आली, कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि तिनं पदर खाली ओढला. नुसता कपाळावरून मागं नाही. पूर्ण खाली ओढून तिनं तो कमरेला खोचला.

भुवनेश्वरची मान झटक्यात भिंतीकडं वळली. तो तसाच बसून राहिला. तिला वाटेल लाज, घेईल पुन्हा पदर, असा त्याचा हिशेब असावा. रविता कॅमेऱ्यात बघत राहिली. मॅनेजर आधारवरचा फोटो बघू लागला आणि घाई करेना.

रांगेतून शालीकराम पटलेनं दारात डोकं घातलं. मागच्या निवडणुकीत भुवनेश्वरच्या पॅनेलनं त्याला पाडलं होतं. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "भुवनभाऊ, भावसून उघड्या तोंडानं उभी हाय नं. तुमी आत कायले बसून राहिले?"

आता बसणं शक्य नव्हतं. दहा गावांत मिरवलेली मर्यादा दारात उभी राहून बघत होती. भुवनेश्वर उठला, तोंड भिंतीकडं ठेवून खेकड्यासारखा आडवा चालला, पाणपिंपाला अडखळला आणि बाहेर गेला. बाहेरून तो खाकरला. मग आणखी जोरात खाकरला. रांगेतल्या एका म्हातारीनं त्याला खोकल्याच्या गोळ्या कुठं मिळतात ते सांगितलं.

रविता रिकाम्या खुर्चीवर बसली. "साहेब," ती म्हणाली, आणि आवाज आधी फाटला, मग नीट झाला. "कागदावर माहं नाव हाय. तेच ठेवा."

काम झालं. ती एसटी स्टँडवर आली आणि तिनं लोकेंद्रला फोन लावला. छाती भरून आली होती. हे दोघांनी मिळून केलं, असं तिला वाटत होतं.

त्यानं हॅलोही म्हटलं नाही. "तू दादापुढं पदर काढला?"

"नाव लागलं माहं," रविता म्हणाली. "पैसा आता आपल्याजवळ राहीन."

"अवं, दादाचा फोन आल्ता. लय बोलला मले. मी त्याले सांगतलं होतं की..." लोकेंद्र थांबला.

"काय सांगतलं होतं?"

तो नेटवर्क खराब असल्याचं सांगू लागला.

"सांगा नं. काय सांगतलं होतं?"

"की रविताचं नाव तिच्या समाधानासाठी लिहून देल्लं. तू सोबत जा, ती तुह्यापुढं काही बोलत नाही. तूच पाहून घे."

रविता बाकावर बसली. आठ दिवस ती ज्या नावावर फुगून होती, ते नाव ती मुकी आहे या भरवशावर लिहिलेलं होतं. भासऱ्याचा तिला रागच होता, तो उघडा चोर होता, गेटवर सिंह बसवून चोरी करायचा. पण हा? इतकी वर्षं दुकानाची स्वप्नं सांगणारा, दादापुढं आपण लाचार असं रडणारा हा माणूस तिच्याच पदराआड लपून बसला होता. भासरा निदान खाकरून यायचा.

"रविता? ऐकून राहिली का?"

"ऐकून राहिली. मार्चमंधी तुमचं काम संपते नं? तिकीट मी काढतो. तुमच्याच खात्यातून. फक्त इकडं याचं. परत जाचं नाही."

"असं कसं? थांब. दादाले विचारून सांगतो."

"विचारा," रविता म्हणाली. "अन् त्यायले हेही सांगजा, पैसा लागला तर आता माह्याशी बोला लागन. तुमालेही."

आणि तिनं फोन ठेवला.