मुद्देमालाची गाठ

निवृत्त फौजदार दामोदर खटावकर अकरा दिवसांपासून आपल्या मुलीने बनवलेल्या व्हिडिओ गेममध्ये राहत होते. सांगलीच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर ते दिसत. सतारी बनवणाऱ्या कारागिराचा जिथे खून झाला होता त्या खोलीत मांडी घालून ते पंचनामा लिहीत. मुलगी नीलाक्षी सकाळी येऊन आपल्या नानांना नमस्कार करी आणि कामाला लागे.

अडचण होती नानांच्या सवयीची. बाकीचे खेळाडू संशयास्पद तेवढंच बघत. नाना मात्र उंबऱ्यापासून सुरुवात करून दिसेल ते लिहून काढत. एक वस्तू लिहिली की त्यांची खोली एका फरशीने लांबायची, आणि ती फरशी नीलाक्षीच्या ऑफिसातून जायची. मंगळवारी पाण्याचा माठ गेला. बुधवारी तिच्या हाताखाली काम करणाऱ्या अल्फियाचं टेबल गेलं, तेव्हापासून ती जिन्यात बसून काम करू लागली.

"ताई, हिंटचं बटण दाबा की," अल्फिया म्हणाली. "नाना जेवायला तरी घरी येतील."

बटण दाबलं की दार उघडायचं हे खरं. पण आधी एक खेळाडू तसा बाहेर आला होता, आणि आपण आत कशाला गेलो होतो हेच विसरून बसला होता. अजून तो चौकात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ते विचारतो. एकतीस वर्षं तपास केलेल्या माणसाला असं बाहेर काढायचं? नीलाक्षीला ते पटेना. शिवाय तिला आपल्या खोलीची घमेंड होती, आणि का नसावी? तिने एकही पुरावा दडवला नव्हता. सगळं डोळ्यांसमोर होतं, जोडायचं तेवढं खेळणाऱ्याने. आयतं मिळालेलं उत्तर म्हणजे दुसऱ्याने चघळून दिलेला ऊस, असं ती म्हणायची.

बाराव्या दिवशी ऑफिस तीन फरशांचं उरलं. नीलाक्षीने खुर्ची जिन्यात दिली आणि ती उभी राहिली. खुनी म्हणजे कारागिराचा भाऊ, हे उत्तर तिने स्वतः लिहिलं होतं. नाना त्या भावाच्या चपलांपर्यंत पोचलेसुद्धा. मग त्यांनी चपला बाजूला सारल्या आणि गाठी बघायला लागले. खिडकीच्या पडद्याची दोरी, तारांचं भेंडोळं, जुन्या कपड्यांचं गाठोडं.

"सगळ्या गाठी एकाच हाताच्या," नाना म्हणाले. "दोन वेढे, टोक आत. मुद्देमाल बांधायची गाठ. पोलीस यायच्या आधी ती इथं कशी?"

असा पुरावा ठेवला होता का, असं अल्फियाने जिन्यातून विचारलं. नव्हता ठेवला. नीलाक्षीने गाठी आपल्या हाताला येतात तशा चितारल्या होत्या. लहानपणी वह्यांचा गठ्ठा बांधताना नाना तिला गाठीवर बोट धरायला लावत आणि टोक आत सारत. काखेत कळसा म्हणतात तो हाच. तिच्या मनात असा अभिमान दाटला की डोळे भरले. तिच्या खोलीत तिलाच ठाऊक नसलेलं खरं होतं, आणि म्हाताऱ्याने ते कुणाला न विचारता काढलं होतं.

"ही गाठ मी एकाच माणसाला शिकवली," नाना स्क्रीनमधून बाहेर बघत म्हणाले. "भाऊ मागनं आला. त्याच्या हातात सुरा कुणी दिला, ते सापडलं."

एवढं त्यांनी लिहिलं आणि आणखी दोन फरशा गेल्या. कीबोर्ड गेला, त्याबरोबर बटणही. आता स्क्रीन उरली नव्हती. बाप आणि लेक एकाच फरशीवर समोरासमोर होते. ताई, जिन्यात या, असं अल्फिया दोनदा म्हणाली. नीलाक्षी हलली नाही.

"नाव?" नानांनी विचारलं.

"नीलाक्षी."

"वडिलांचं नाव?"

शाळेत बक्षीस घेताना सांगावं तसं तिने ते खणखणीत सांगितलं. नानांनी मान डोलावली आणि आरोपीच्या रकान्यात तिचं नव्हे, स्वतःचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं. शाईवर फुंकर घातली. कुठेतरी दार उघडल्याचा आवाज झाला. ते कुणाच्या बाजूचं, हे दोघांनीही वळून बघितलं नाही. नानांनी खिशातून दोरी काढली, एक टोक आपल्या मनगटाला बांधलं आणि दुसऱ्याचे दोन वेढे तिच्या मनगटाला घातले.

"बोट धर," ते म्हणाले.

तिने मोकळ्या हाताचं बोट गाठीवर धरलं.