गुलाबी दिसतं कसं?

रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या लंबूची झोप उडाली होती. प्रयोगात द्रावण फिकट गुलाबी झालं की थांबायचं, एवढं साधं काम. पण हा आपला थेंब सोडतच राहायचा. शेवटी तो विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात समुपदेशक बाईंकडे गेला.

"मी बहुतेक मठ्ठच आहे," प्रयोगातली फजिती सांगून तो म्हणाला.

बाईंनी भलतंच विचारलं, "तुला गुलाबी दिसतं कसं?"

लंबू बुचकळ्यात पडला. बाईंनी त्याला शेजारच्या खोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी रंगीत ठिपक्यांचं चित्र पुढे धरलं.

"यात आकडा कुठला?"

"यात आकडा आहे?"

डॉक्टर हसले. "काही रंगांतला फरक तुला जन्मापासून कळत नाही. हुशारीशी त्याचा संबंध नाही. हाच प्रयोग यंत्रावरही करता येतो, मी तुझ्या सरांशी बोलतो."

लंबूच्या मनावरचं ओझं उतरलं आणि कुतूहल चाळवलं. बाहेर येताच त्याने ताईला फोन लावला.

"ताई, माझा आवडता स्वेटर कुठल्या रंगाचा गं?"

"हिरवा. का रे?"

"मी तपकिरी समजत होतो! बरं, आपलं दार? आईची छत्री?"

तिकडे घरी गॅसवरचं दूध उतू गेलं तरी ताई रंग सांगतच राहिली.