इंदूबाई एस. यांचा डाव

मूर्तिजापूरजवळच्या त्या गावात दोन गोष्टींवर कुणी वाद घालत नसे. एक म्हणजे यंदाही कपाशीवर बोंडअळी येणार, आणि दुसरी म्हणजे इंदूबाई बोलली की ते खरं. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण असो की कुणाची शेळी कुणाच्या तुरीत शिरली असो, शेवटी माणसं इंदूबाईच्या ओट्याशी यायची. ती पदर सावरून म्हणायची, "मी पायलं ते सांगतो, नाई पायलं ते नाई सांगत." तेवढ्यावर निकाल लागायचा. वर्षावासाचे तीन महिने ती रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला बसे, पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून उपोसथ धरी आणि दुपारी बारानंतर दाणाही तोंडात घालत नसे.

अशा बाईच्या पोटी प्रियदर्शनी जन्मली होती, आणि ती सतराव्या वर्षी मोबाईलवर पोकर खेळत होती.

पंचशीलात पत्त्यांचं नाव नाही, हे प्रियाने बारकाईने तपासून घेतलं होतं. हत्या नको, चोरी नको, व्यभिचार नको, खोटं नको, दारू नको. पाच संपले. पुढचं उपदेशात कुठे कुठे येत असेल, पण बारावी सायन्सच्या मुलीला सगळाच अभ्यासक्रम कुठे पुरा होतो?

मोबाईल अमरावतीच्या मामाने दिला होता, "अभ्यासाचे व्हिडिओ पाय, डॉक्टर हो" म्हणून. वडील शेषराव बडनेऱ्याला रेल्वेत. ते आठवड्याने घरी यायचे आणि लेक मोबाईलमध्ये मान घालून बसलेली दिसली की बायकोला हळूच म्हणायचे, "लय मेहनत करून राहिली पोरगी." मेहनत होतीच. रोज सकाळच्या पॅसेंजरने अकोल्याला कॉलेज, मग क्लास, मग संध्याकाळची परतीची गाडी. आणि यात जिथे जिथे फट सापडेल तिथे पोकर. हातात दोन पत्ते, टेबलावर पाच, आणि समोर सुरत-दिल्लीकडची न दिसणारी पाच-सहा माणसं. काटेपूर्णा स्टेशनाजवळ नेटवर्क जायचं, त्यामुळे त्याआधी डाव संपवावा लागे. प्रियाचं वेळेचं नियोजन असं काटेकोर होतं. भौतिकशास्त्राच्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ मिळाले, पण संभाव्यतेच्या धड्यात ती वर्गात पहिली आली. सरांनी तिला उभं करून विचारलं, "एवढा सराव कुठे केलास?" ती नम्रपणे म्हणाली, "गाडीत, सर."

पैसे लावून खेळायला मात्र अडचण वयाची होती. ॲपला अठरा पूर्ण लागत, पॅनकार्ड लागे आणि पॅनकार्ड हातात धरलेला फोटोही लागे. जुगाराच्या धंद्यात नियम फार कडक असतात.

पण तो काळच असा होता की कागद मागायला कारण लागत नसे. मागच्या हंगामात गुलाबी अळीने बोंडं आतून पोखरली होती, मदत जाहीर झाली होती, आणि तेव्हापासून गाव झेरॉक्स काढत होतं. आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, सातबाऱ्याची झेरॉक्स. एकदा दिली, पुन्हा मागितली, पुन्हा दिली. कपाशीत ज्याला काही उरलं नाही त्याला उरलं नाही, झेरॉक्सवाल्याने मात्र दुसरं मशीन घेतलं.

शेत इंदूबाईच्या नावावर होतं. एका रविवारी प्रिया म्हणाली, "आई, बोंडअळीच्या अनुदानाचं ऑनलाईन आलं. पॅनकार्ड दे."

"आता पॅनबी लागते काय?"

"लागते."

"अन् फोटो?"

"तोही लागते. पॅन हातात धरून."

इंदूबाईने का म्हणून विचारलं नाही. पौर्णिमा होती, पांढरं लुगडं नेसलेलंच होतं. केस नीट केले, कार्ड गालाशी धरलं आणि सरकारला फोटो काढू दिला.

दुसऱ्या दिवसापासून पोकरच्या टेबलावर 'इंदूबाई एस.' बसू लागल्या. नावाशेजारच्या छोट्या गोलात पांढऱ्या पदरातला त्यांचा शांत चेहरा दिसे. क्लासची मैत्रीण फलक बोरगावला गाडीत चढायची. तिने तो गोल बघितला आणि तिला हसू आवरेना. "प्रिया, तेरी अम्मी को पता है, वो जुआ खेलती है?"

"चूप बस."

"नही, सच्ची पूछ रही. माशाअल्लाह, चेहरे पे कितना नूर है. मैं तो इनके सामने पत्ते फेक देती."

फलक थट्टेत म्हणाली, पण तसंच झालं. टेबलावरची माणसं आधी खूप हसली. "आंटीजी, घर जाओ, दाल जल जाएगी," असं कुणी लिही. पण आंटीने मोठी बोली लावली की सगळे गप्प होत. असली बाई हातात काही नसताना कशाला पैसे लावेल? तिच्याकडे पत्ते असणारच. आणि ते पत्ते टाकून देत. ज्या चेहऱ्यावर गाव विश्वास ठेवी, त्याच चेहऱ्यावर सुरतही ठेवू लागली. हातात काही नसताना असल्याचा आव आणायचा, आणि तो आईच्या चेहऱ्याने आणायचा, हे प्रियाला जमू लागलं. हरायची ती तरीही. शिष्यवृत्तीचे पैसे केव्हाच गेले होते. पण हरलेले डाव काही कुणी फलकला सांगत नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, दुपारच्या मोठ्या स्पर्धेत, शेवटी दोघेच उरले. प्रियाच्या हातात सत्ती आणि दुर्री, म्हणजे या खेळातले सगळ्यात भिकार पत्ते. इंदूबाई एस. यांनी सगळं लावलं. समोरच्याने बराच विचार करून, टेबलावर तिसरा राजा असूनही, हातातले दोन राजे दाखवून टाकून दिले आणि लिहिलं, "आंटी के पास पक्का कुछ है." पुढच्याच डावात तो संपला. साडेसहा हजारांचं बक्षीस लागलं. प्रियाने बाजेवर उडी मारली, आणि तिथेच तिच्या ध्यानात आलं की नावाशी जुळणारं खातं हवं म्हणून आपण आईचंच खातं जोडलं होतं. हरायची सोय तिने सगळी केली होती, जिंकायची केलीच नव्हती.

मंगळवारी आईच्या आधी बँकेत जाऊन काहीतरी करू, असं तिने ठरवलं. इंदूबाई सोमवारीच मूर्तिजापूरला जाऊन पासबुक छापून आली.

संध्याकाळी प्रिया गाडीतून उतरून गावात शिरली, तर विहारासमोर माणसं जमलेली. इंदूबाई सगळ्यांना खडीसाखर वाटत होती. "आलं बापा अनुदान," ती म्हणत होती. "साडेसहा हजार. माह्या खात्यात आलं, तुमचंबी येईन."

"खरंच आलं?" नत्थुजींनी विचारलं. नत्थुजी म्हणजे गावचे तक्रारीचे माणूस. अर्ज लिहिण्याचा कागद त्यांच्या खिशात कायम असे.

"छापून आलं, मी पायलं," इंदूबाई म्हणाली.

झालं. गाव दुसऱ्या दिवशी बँकेत. कुणाच्याही खात्यात एक पैसा नाही. मग गावाने साधा हिशेब केला. अनुदान आलं हे नक्की, कारण इंदूबाई म्हणाली. एकटीलाच आलं. म्हणजे बाकीच्यांचं अडवलं. याद्या कोण करतो? पटवारी. पटवारी उत्तमराव हा नवा, घाबरट माणूस. तो हात जोडून सांगत होता, "अहो, गावाची यादीच अजून मंजूर नाही, एकाला कसं येईल?"

"म्हणजे इंदूबाई खोटी बोलून राहिली काय?" नत्थुजी गरजले. पटवाऱ्याने जोडलेले हात आणखी वर नेले. यावर 'हो' म्हणायची छाती तालुक्यात कुणाचीच नव्हती.

शुक्रवारी तहसीलवर जायचं ठरलं. 'पटवाऱ्याने पैसे घेऊन यादी फिरवली, निलंबित करा' असा अर्ज नत्थुजींनी लिहिला, आणि खाली पुरावा म्हणून इंदूबाईचा जबाब: 'मला अनुदान मिळाले.' सही तेवढी बाकी होती. गुरुवारी संध्याकाळी अर्ज ओट्यावर आला. इंदूबाई म्हणाली, "वाचनाहून आली का सही करतो."

ती विहारात जायला पायात चपला घालत होती, आणि प्रिया दारात आडवी उभी राहिली.  एवढे भिकार पत्ते हातात असताना गप्प बसायचं कसं, हे ती सुरतकरांविरुद्ध शिकली होती; पण इथे समोर सुरतकर नव्हते.

"आई, सही करू नको. ते अनुदान नाही."

"मंग काय हाय?"

प्रियाने सांगितलं. पॅनकार्ड, फोटो, पत्ते, बक्षीस, सगळं. सांगताना तिने मध्येच एकदा पंचशीलाचा मुद्दाही काढून पाहिला.

इंदूबाई चपला काढून ओट्यावर बसली.  मग म्हणाली, "फॉर्म हाय म्हून कोनं सांगतलं मले?"

"मी."

"अन् लोकाइले अनुदान आलं म्हून कोनं सांगतलं?"

प्रिया आईच्या चपलांकडे पाहत राहिली.

"मी सांगतलं. खडीसाखर वाटून सांगतलं." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तुह्या पाचात पत्ते नाई बसत ना? चौथं मोज. तुह्यं तं गेलंच, माह्यंबी घेऊन गेली. चाल."

विहारात वाचन झालं आणि इंदूबाई उभी राहिली. जे होतं ते चार वाक्यांत सांगितलं. पैसे जुगाराचे आहेत, माझ्या पोरीने माझ्या नावावर खेळले, मी न तपासता बोलले, पटवारी साहेबाचा दोष नाही.

 मग नत्थुजींनी घसा खाकरला. "इंदूबाई, वाईट वाटून नका घेऊ. पटवाऱ्यानं किती देल्ले?"

चाळीस वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. न तपासता बोललेलं गावाने खडीसाखरेसकट गिळलं होतं, आणि तपासून सांगितलेलं त्याच्या घशाखाली उतरेना. "पोरगी बारावीले हाय," शेजारची सुंदराबाई समजावत होती, "पत्ते खेयून साडेसहा हजार कोनाले भेटते बापा? पटवाऱ्यापाई तू कावून पाप घेते आंगावर?"

आई खाली बसली. तिला तसं बसलेलं पाहून प्रिया उठली. "बाहेर या," ती म्हणाली, "दाखवते."

विहाराच्या आवाराबाहेर, निंबाखाली, तिने मोबाईल उघडला. गोलात पांढऱ्या पदरातल्या इंदूबाई. गावाने तो चेहरा ओळखला. खात्यात शेवटचे शंभर रुपये होते. प्रियाने मनात ठरवलं होतं की सगळ्यांसमोर हे शंभर हरायचे. म्हणजे खरंही पटेल आणि धडाही मिळेल. तिने सगळे लावले. आयुष्यात पहिल्यांदा ती मनापासून हरायला बसली होती, आणि पुढचे पत्ते उघडले ते एकाला एक जुळत गेले. चार मिनिटांत शंभराचे तीनशे चाळीस झाले.

"दर खेपेला असं नाही होत," प्रिया ओरडली. "मी बारा हजार हरले आहे! शिष्यवृत्ती गेली माझी!"

पण लोक पडद्याकडे पाहत होते. नत्थुजींनी खिशातला अर्ज काढून चार तुकडे केले. उत्तमराव वाचले. निदान एक काम मार्गी लागलं.

सकाळी सहा वाजता ओट्यापुढे रांग होती. प्रत्येकाच्या हातात आधार, पॅन आणि पासबुक, तिन्हींची झेरॉक्स. काहींनी फोटोसाठी धुतलेले कपडे घातले होते.

इंदूबाईने लेकीला ओट्यावर बसवलं. गाडी चुकली, क्लास चुकला, तरी उठू दिलं नाही. "एकेकाले सांग, किती हारली."

प्रिया सांगत गेली. बारा हजार, जिंकले साडेसहा, तेही आई विहाराच्या दानपेटीत टाकू देईना म्हणून आता कॉलेजच्या फीला जाणार; ॲप काल रात्रीच बंद केलं; चाचणीत नऊ मार्क आहेत. माणसं मन लावून ऐकत, मान हलवत आणि म्हणत, "बरोबर हाय पोरी. राहू दे झेरॉक्स तुह्यापाशी. कामी येईन." संध्याकाळी इंदूबाईने तो गठ्ठा उचलला आणि घरोघरी परत देऊन आली.

त्यानंतर धुऱ्याची भांडणं तिच्याकडे येतच राहिली, कारण दुसरीकडे जायचं तरी कुठे? पण ती बोलली की आता कुणीतरी हळूच विचारायचं, "नक्की ना, इंदूबाई?" ती म्हणायची, "नक्की." असं तिला पूर्वी कधी म्हणावं लागलं नव्हतं. प्रिया तेवढ्यापुरती आत निघून जायची.

आश्विन पौर्णिमेच्या दोन दिवस आधी खात्यात खरंच पैसे आले. या वेळी इंदूबाईने आधी बँकेत तीन जणांना विचारलं, मग लेकीला पटवाऱ्याकडे पाठवलं. उत्तमरावांनी यादी दाखवली, नावावर बोट ठेवलं, आणि प्रियाने तो अंक दोनदा वाचला. मगच संध्याकाळी वाचनानंतर इंदूबाई विहारात उभी राहिली.

"अनुदान आलं," ती म्हणाली. "खरं आलं. मी तपासून आली."

सगळे तिच्याकडे बघत राहिले. कुणी उठलं नाही, कुणी खडीसाखर मागितली नाही. मागच्या ओळीत प्रियाने मान खाली घातली.

नत्थुजी पुढे वाकले आणि अगदी आदराने, आवाज लहान करून त्यांनी विचारलं, "कोन्त्या ॲपवर, इंदूबाई?"