फाटकावरची मोजणी

फोन वाजला. पलीकडून स्टेशनमास्तरांनी गाडी सुटल्याचं सांगितलं. सुदामने वहीत वेळ टिपली आणि हातचाक फिरवायला घेतलं. घंटा वाजवत दोन्ही दांडे खाली आले, चावी फिरली, सिग्नल हिरवा झाला. त्याने शिस्तीप्रमाणे डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. थांबलेलं कुणीच नव्हतं. एक कुत्रं तेवढं रूळ ओलांडायला आलं होतं, तेही दांडा बघून सवयीने खाली बसलं.

महिन्यापूर्वी शेजारी उड्डाणपूल सुरू झाला होता. त्याआधी फाटक लागलं की जीपा, उसाचे ट्रॅक्टर, वऱ्हाडाच्या गाड्या लांबपर्यंत उभ्या राहायच्या. अठ्ठावीस वर्षांत सुदामने जितक्या शिव्या खाल्ल्या तितक्या कुठल्या आमदारानेही खाल्ल्या नसतील. आता नांदेड-लातूरची सगळी वाहनं त्याच्या डोक्यावरून जात. पहिले दोन दिवस त्याला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्याने दवाखान्यात जाऊन कान तपासून घेतले.

गाडी गेली, सिग्नल लाल झाला, त्याने फाटक उघडलं. लगेच पलीकडून एक बैलगाडी खडखडत आली. गाडी रिकामी होती. कासरा धरून केवळाबाई बसली होती.

अठरा वर्षं ती या फाटकावर उकडलेल्या शेंगा विकत होती. सिग्नल हिरवा म्हणजे धंदा, लाल म्हणजे टोपली उचलायची, एवढी रेल्वे तिला पाठ होती. पुलावर कुणी थांबत नाही, तरी ती रोज एक टोपली घेऊन यायची. दुपारी निम्म्या शेंगा ती खायची, निम्म्या सुदाम.

"कुठं गेल्या व्हत्या, केवळाबाई?"

"पल्याड."

"पल्याड काय हाय?"

"काय न्हाई. म्हनून तर परत येऊन राहिले. ल्ह्या तुमच्या कागदावर."

सुदामने कागदावर रेघ मारली. मोजणीचा आठवडा होता. फाटकावरून किती वाहनं जातात ते सात दिवस लिहायचं. आकडा भरला तर फाटक राहणार, नाहीतर दोन्ही बाजूंनी भिंत घालून कायमचं बंद. मोटार, ट्रॅक्टर, बैलगाडी, सगळं मोजायचं. सुदामने नियमाचा कागद दोनदा वाचला होता. बैलगाडी रिकामी असू नये, किंवा तीच ती पुन्हा येऊ नये, असं त्यात कुठंही नव्हतं.

केवळाबाईने दिराची देवणी बैलजोडी चौथ्या दिवशी जुंपून आणली होती. तेव्हापासून बैल दिवसभर रूळ ओलांडत होते. कुठं पोचायचं नसल्यामुळे त्यांचीही काही तक्रार दिसत नव्हती.

सातव्या दिवशी दुपारी तिने गाडी फाटकाशेजारच्या सुदामच्या गुमटीपुढं थांबवली.

"भरला का आकडा?"

सुदामने कागद उलटा केला, सुलटा केला. अजून शंभर बैलगाड्या लागल्या असत्या. शंभर रोज.

"थोडा कमी हाय," तो म्हणाला.

"मग आनिक दोन खेपा करते."

"केवळाबाई." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "फाटक बंद झालं तर मला हिमायतनगरला बदली भेटंल. लेक शिवकन्या हाय तिथं. तिनं माझ्यासाठी खोलीबी रंगवून ठेवलीय."

केवळाबाईने वाकून बैलाच्या मानेवरचं जू जरा सरकवलं.

"ठाव हाय. बदलीचा अर्ज तुमीच वाचून दाखवला व्हता मला. तीन वर्सं झाली."

सुदामला ते आठवलं. इथं वाचून दाखवायला दुसरं होतं कोण?

"मग ही गाडी कशापायी?"

"बैलाला चालायची सवय ऱ्हाती," ती म्हणाली आणि कासरा ओढून पलीकडे गेली.

सुदामने रेघ मारली. मग फोन वाजला.

त्याने फाटक लावलं. सिग्नल हिरवा झाला. तोवर परत येऊन पुन्हा वळलेली केवळाबाई गुमटीकडच्या दांड्याबाहेर थांबली, गाडीतून उतरली आणि टोपली दांड्यावरून त्याच्याकडे सरकवली. मालगाडी लांब होती. डबे संपता संपेनात. शेवटचा डबा गेला, धूळ खाली बसली, कुत्रं उठून उभं राहिलं.

सुदामने हातचाकाला हात लावला नाही. एक शेंग घेऊन सोलली.

"सिग्नल लाल झाला न्हाई अजून," तो म्हणाला.

केवळाबाईने मान वळवून सिग्नलकडे नीट बघितलं. लाल दिवा उन्हातही स्वच्छ दिसत होता.

"न्हाई झाला," ती म्हणाली आणि तिने बैलांना सोडून सावलीला बांधलं.