आत्याबाईंचं वायरलेस

ही २००७ सालची गोष्ट आहे आणि ती खरी आहे. माझ्या आधीच्या गोष्टींबद्दल मी असं कधी म्हणालो नव्हतो, हे लक्षात घ्यावं.

माझा मेहुणा रविराज कॅलिफोर्नियात. त्याला आणि त्याच्या बायकोला, नीरजाला, मुलगी झाली. बारसं आपल्या सकाळी नऊला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे माझी बायको दीपमाला. आम्ही कात्रजला. नाव तिनं मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"फोनवर सांग की," मी म्हणालो.

"कान दिसला पाहिजे. अंदाजानं नाव ठेवतात का कुणी?"

रविराज जाताना जुना लॅपटॉप आमच्याकडे टाकून गेला होता. वय वर्षं आठ. म्हणजे लॅपटॉपांत सहस्रचंद्रदर्शन उरकलेलं. खालच्या मजल्यावरचा दत्तप्रसाद खराडीला आयटीत. त्याच्या घरी वायरलेस इंटरनेट होतं. "काकू, खालीच या ना," तो म्हणाला.

"भाचीचं नाव लोकांच्या हॉलमध्ये ठेवू?"

मग त्यानं लॅपटॉपच्या बाजूच्या फटीत वायरलेसचं कार्ड खुपसलं. "कार्ड आहे, पण ते चालवणारी फाइल नाहीये."

"कुठं मिळते?"

"इंटरनेटवर."

"आणि इंटरनेट कधी सुरू होणार?"

"फाइल आली की."

दीपमालानं तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेली. ती जराही गोंधळली नाही. "मग वशिला लाव," म्हणाली. दत्तप्रसाद खाली गेला आणि आपल्या मशीनवरून पेनड्राइव्हमध्ये फाइल घेऊन आला.

पावणेनऊला चित्र आलं, पण अडखळत. मी कार्डामागं पितळी परात धरली तेव्हा स्थिरावलं. परात लहरी इतक्या ओढत होती, की कात्रजच्या सर्पोद्यानातले नाग फणा काढून आमच्या इमारतीकडे तोंड करून बसले. हे तिथल्या रखवालदारानं सांगितलं. मला परात सोडून बघायला जाता येत नव्हतं.

शेजारच्या कांताबाई पदर खोचून उभ्या होत्या. आत्यानं "कुर्रर्र" करून नाव सांगितलं, की तिच्या पाठीत बुक्के घालायची रीत. चार म्हशी सांभाळलेला हात.

"बसा ना," मी म्हणालो.

"माराय आलेय मी. बसाय न्हाई."

नऊला पाच कमी असताना कार्डावरचा हिरवा दिवा गेला आणि पडदा काळा झाला. लगेच रविराजचा फोन. "ताई, पाचच मिनिटं थांबतील. नीरजाची बहीण तयार बसलीय. तिनं नावही शोधलंय."

"कोणतं?"

"ते विचारू नकोस."

दत्तप्रसादनं लॅपटॉप बंद केला, चालू केला. दिवा येईना. नऊला मिनिट उरलं. मुहूर्त तरी टळू नये म्हणून दीपमालानं काळ्या पडद्यालाच "कुर्रर्र" केलं.

कांताबाईंना तेवढंच हवं होतं. पण कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला अंगावर आलेलं शेजारच्या टेबलावर कसं जाऊ द्यायचं, हे कळतं. दीपमाला बाजूला झाली. बुक्का लॅपटॉपच्या पाठीत बसला.

कार्ड नखभर आत गेलं. दिवा हिरवा. समोर पडदाभर बाळाचा कान.

"कुर्रर्र," दीपमाला म्हणाली, आणि मग अगदी हळू, "संस्कृती."

या खेपेला ती बाजूला झाली नाही.

कार्ड पहिल्यापासून सैल होतं, असं दत्तप्रसादचं मत. तरी पुढच्या सोमवारी ऑफिसचं नेट बंद पडलं, तेव्हा तो कांताबाईंना स्कूटरवरून खराडीला घेऊन गेला. त्या चाळीस मशीनपुढं पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यातली आत्या कंची?"