मान सरळ केलेला फोटो

ताईची पोर चार वर्षांची. आम्ही तिला टिचकी म्हणतो. सोमवारी शाळेच्या फोटोसाठी ताई तिला माझ्या स्टुडिओत सोडून कामावर गेली. आठवडाभर पोरीचा घसा धरला होता. मधे बरं वाटलं, पण अंग परत कोमट लागत होतं.

स्टुलावर बसवलं तर मान एका बाजूला कललेली.

"टिचके, सरळ बघ गं."

"नाही होत, मामा."

"नाटकं पुरे. आईवर गेलीस अगदी."

हसली नाही. ओठातून लाळ गळत होती. "एवढी घोडी झालीस आणि लाळ?" म्हणत मी पुसली. हनुवटी धरून मान वळवायला गेलो तर किंचाळली. सोडून दिलं.

कारण मला सोपा उपाय येत होता. कॉम्प्युटरवर मान सरळ केली, ओठ कोरडे केले. पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी टिचकी ताईच्या खांद्यावर झोपूनच घरी गेली. फोटो बघून ताई खूश.

"किती शहाण्यासारखी बसलीय!"

"मग? फोटोग्राफर कोण आहे?"

मानेचं, लाळेचं तिला सांगितलंच नाही.

मंगळवारी पोर तापाने पडून होती. बुधवारी दुपारी ताईचा फोन, पाणीसुद्धा गिळत नाही, श्वासाला घुरघुर येतेय. मी धावत हॉस्पिटलात.

"मान कधीपासून अशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आज सकाळी लक्षात आलं. परवा तर मान सरळ होती, हे बघा ना," म्हणत ताईने पर्समधून फोटो काढला.

बाई फोटो बघायला लागल्या.

"तो फोटो खरा नाही. परवाच मान वळत नव्हती. लाळही गळत होती. मी सगळं पुसलं."



बाईंनी लगेच स्कॅन करायला लावला. घशाच्या मागे पू साठला होता. फार क्वचित होतं म्हणाल्या, पण घसा दुखून गेल्यावर मान वळेना, लाळ गिळवेना, तर तासभरही थांबायचं नाही. पू वाढला की श्वासच अडतो.

ऑपरेशन झालं. पोर वाचली.

बाहेर बाकावर ताई एवढंच म्हणाली, "मला एक फोन करायचा होतास रे."

आता टिचकी हुंदडते. ताई माझ्याशी नीट बोलते, जेवायलाही बोलावते. पण पोरीला एकटीला माझ्याकडे ठेवत नाही. मीही का म्हणून विचारत नाही.